पंधरा तारांचे कारभारी

कारभाऱ्यांचं कागदोपत्री नाव ८२५९ए, घराणं इंटेलचं. काळा आयताकृती देह आणि दोन्ही कडांना चौदा-चौदा पाय. जुन्या पीसीचं कॅबिनेट उघडलं की नजर आधी प्रोसेसरवर जाते, मग रॅमवर, मग केबलींच्या गुंत्यावर. कारभारी एका बाजूला मुकाट बसलेले असतात. त्यांची आठवण होते ती मशीन वरचेवर हँग व्हायला लागल्यावर, आणि तोवर घरात कुणीतरी ‘हे मशीनच पनवती आहे’ असा निकाल देऊन मोकळं झालेलं असतं. पनवती वगैरे काही नसतं. कारभाऱ्यांच्या शिस्तीत कुठेतरी खोट आलेली असते, आणि ती शोधता येते.

आधी त्यांचं काम सांगतो. अशा पीसीतला प्रोसेसर एका वेळी एकच काम करतो. तो हिशेबात गुंतलेला असताना कीबोर्डवर कुणी बटण दाबलं, डिस्कवरून मागवलेली माहिती येऊन थांबली, मोडेममध्ये एक अक्षर येऊन पडलं, तर त्याला हाक कुणी मारायची? सगळ्यांनी एकदम मारली तर गोंधळ. म्हणून प्रत्येकाला एक तार नेमून दिलेली आहे. तार ओढायची, वर्दी कारभाऱ्यांकडे जाते. कारभारी बघतात, कोण आलंय, त्याचा मान केवढा, आत सध्या कुणाचं काम चाललंय, आणि मग प्रोसेसरला उठवतात. या तारेचं नाव आयआरक्यू. बाजारात मात्र ‘इंटरप्ट’ हाच शब्द चालायचा. ‘साउंड कार्ड कितव्या इंटरप्टवर टाकलंय?’ असं विचारलं की समोरच्याची हुशारी तिथल्या तिथे कळायची.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने पहिला पीसी जाहीर केला, तेव्हापासून कारभारी त्या घरात आहेत. सुरुवातीला त्यांच्या हाताखाली आठ तारा होत्या, ० ते ७. आकडा लहान तितका मान मोठा. शून्यावर घड्याळ. ते सेकंदाला १८.२ वेळा तार ओढतं, मशीन चालू केल्यापासून बंद करेपर्यंत, आणि कारभारी दर खेपेला तेवढ्याच तत्परतेने वर्दी देतात. कंटाळा हा शब्द त्यांना माहीत नाही. एकवर कीबोर्ड. तुम्ही एंटर मारलात की एक वर्दी दाबल्याची जाते आणि दुसरी सोडल्याची. पानभर मजकूर टाइप करणाऱ्याला कल्पनाही नसते की आपण कारभाऱ्यांना किती हजार वेळा उठबस करायला लावली.

रीतीरिवाजाला मात्र ते फार कडक. आलेल्याचं काम आटोपलं की त्यांना ‘झालं’ असा निरोप द्यावा लागतो. निरोपाची पद्धतही ठरलेली: षोडशमान (हेक्स) मोजणीतल्या २० या पत्त्यावर २० हाच आकडा पाठवायचा. निरोप पोहोचला नाही, तर कारभारी तेवढ्या किंवा त्याखालच्या मानाच्या कुणालाही आत सोडत नाहीत. कीबोर्डचं काम करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ही एक ओळ राहून गेली, तर चमत्कारिक दृश्य दिसतं. पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ पुढे सरकतंय, कारण शून्याचा मान एकपेक्षा मोठा, आणि बाकी सगळं मशीन दाराबाहेर ताटकळतंय. बघणारा म्हणतो, मशीन अर्धं मेलं. कारभारी आपल्या जागी जिवंत असतात, फक्त त्या एका निरोपाची वाट बघत.

१९८४ साली आयबीएमने एटी हे मॉडेल काढलं, तेव्हा आठ तारा पुरेनात. मग कारभाऱ्यांच्या मदतीला त्यांचाच धाकटा भाऊ आणला, दुसरा ८२५९ए, अगदी तसाच. त्याच्याकडे ८ ते १५ या तारा. पण घरात प्रोसेसरशी बोलणारा एकच, थोरला. धाकट्याने आपली वर्दी थोरल्याच्या २ नंबरच्या तारेवरून द्यायची. एक तार भावाभावांच्या बोलण्यात गेली, म्हणून सोळांतल्या पंधरा उरल्या. आधी जी कार्डं २ वर बसत होती, त्यांना न दुखवता ९ वर नेऊन बसवलं. स्लॉटमधली पिन तीच, ती आता धाकट्याकडे जाते एवढंच. जुन्या कार्डांवर तार निवडायच्या टोपीशेजारी, म्हणजे जंपरशेजारी, ‘२/९’ असं छापलेलं असतं ते याच व्यवहारामुळे. नवखा माणूस २ वेगळा आणि ९ वेगळा समजून दोन कार्डं तिथे बसवतो आणि भांडण विकत घेतो.

या सोयीमुळे मानाचा क्रमही बदलला. धाकट्याकडचे सगळे २ च्या मानाने आत जातात, म्हणजे ० आणि १ नंतर थेट ८ ते १५, आणि त्यानंतर ३ ते ७. चौदावर बसलेली हार्ड डिस्क तीनवरच्या मोडेमला मागे सारून पुढे जाते. तारांच्या आकड्यांवरून मान ओळखायला जाल तर फसाल.

तारांत काही वतनदार आहेत. ० घड्याळ, १ कीबोर्ड, ६ फ्लॉपी, ८ बॅटरीवर चालणारं घड्याळ, १३ गणित करणारा सहप्रोसेसर, १४ पहिली हार्ड डिस्क. यांना कुणी हलवत नाही. ३ आणि ४ कॉम पोर्टकडे, ७ प्रिंटरकडे, पुढे आलेल्या मशीनांत १२ ही तार गोल पिनच्या माउसकडे आणि १५ ही तार सीडीरॉम जोडलेल्या दुसऱ्या केबलकडे. उरतात ५, ९, १० आणि ११. म्हणजे येईल त्या नव्या कार्डासाठी मोकळ्या जागा चार. त्यातही आखूड दाते असलेलं आठ बिटांचं कार्ड १० आणि ११ पर्यंत पोहोचूच शकत नाही, त्या तारा स्लॉटच्या लांब भागात असतात. त्यामुळे सगळ्यांचा डोळा ५ वर. साउंड कार्ड ५ मागतं, जास्तीचा प्रिंटर पोर्ट ५ मागतो, काही लॅन कार्डंही ५ मागतात. नव्वदच्या दशकात लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत एक-एक कार्ड निरनिराळ्या दुकानांतून घेऊन पीसी असेंबल करणाऱ्यांच्या घरी जी भांडणं झाली, त्यांतली निम्मी या ५ नंबरवरून झाली असतील.

आता भांडण का होतं ते पाहू. दोघांनी एकच तार वापरली तर बिघडलं कुठे? बिघडतं ते कारभाऱ्यांच्या ऐकण्याच्या सवयीमुळे. तार खालून वर उसळली की ते कान टवकारतात. ती वरच राहिली आहे का, इकडे त्यांचं लक्ष नसतं. पहिल्या कार्डाने तार वर नेली आणि ती वर असतानाच दुसऱ्याने ओढली, तर नवी उसळी येतच नाही. दुसऱ्याची वर्दी कायमची हरवते. कित्येकदा तर तेवढंही होत नाही. एक कार्ड तार वर ढकलतं आणि दुसरं तीच खाली धरून बसतं, मग वर्दी निघतच नाही. कारभाऱ्यांना दुसरी रीत येते, हे त्यांच्या बाजूने सांगितलंच पाहिजे. तार वर आहे तोवर कुणीतरी थांबलंय असं समजायचं, ही पद्धतही त्यांच्या अंगात पहिल्यापासून आहे. पीसीत त्यांना उसळीवर बसवलं ते आयबीएमने, आणि १९८७ च्या पीएस/२ मध्ये आयबीएमनेच ती रीत बदलली. पण तोवर जगभर एटीच्या नकला झाल्या होत्या आणि त्या सगळ्या घरांत कारभारी जुन्याच पद्धतीने काम करत राहिले.

दुसरं म्हणजे ते घुमे आहेत. दोन कार्डं एका तारेवर भांडतायत हे त्यांच्या तोंडून कधीच बाहेर पडत नाही. पडद्यावर सूचना नाही, बीप नाही. आणि सोसणारा एक आणि कारण दुसराच, असं बहुतेक वेळा असतं. म्हणून या दुखण्याचं निदान करताना जो ओरडतोय त्याच्याकडे न बघता घरात शेवटचं कोण आलं ते विचारायचं.

१५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केलं आणि पुढच्या काही वर्षांत घराघरांत, दुकानांत मोडेम आले. बाहेर ठेवायच्या डब्यापेक्षा आत बसवायचं मोडेम कार्ड स्वस्त, म्हणून कार्ड घेणारे जास्त. सदाशिव पेठेत डीटीपीचं काम करणाऱ्या एका ताईंचं मशीन अजून डोळ्यांसमोर आहे. लग्नपत्रिका, दिवाळी अंकांची पानं, सगळं त्यावर. त्यांची तक्रार माउसची होती. गोळी स्पिरिटने पुसून झाली, नवा माउस आणून झाला, तरी तेच.

“ताई, फोन लावायच्या आधी माउस चालतो ना?”

“अगदी व्यवस्थित. टोन वाजला की मेला.”

एवढ्या उत्तरात सगळं निदान आलं. त्या काळचा माउस नऊ पिनच्या कॉम-१ ला लागायचा. कॉम-२ मदरबोर्डवर होताच. मोडेम बसवणाऱ्याने विचार केला, एक आणि दोन गेले, तीन मोकळा आहे, आणि जंपर कॉम-३ वर लावला. विचार बिनचूक, पण कारभाऱ्यांच्या दप्तरी कॉम-१ आणि कॉम-३ दोघांची तार ४, आणि कॉम-२ व कॉम-४ दोघांची तार ३. नावं चार, तारा दोन. पत्ते चौघांचे वेगवेगळे, म्हणून तपासणीत मोडेम छान सापडतो, सगळं हिरवं दिसतं. मोडेम गप्प असेपर्यंत माउसही खूष. आणि माउस हा किती बोलघेवडा प्राणी! तो हलला की प्रत्येक हालचालीचे तीन बाइट पाठवतो, सेकंदाला चाळीसेक वेळा, आणि प्रत्येक बाइटची वेगळी वर्दी. मोडेम त्याच तारेवर बोलायला लागला की बाण जागच्या जागी थिजतो. कधी उलटंही होतं. माउस हलवला की कनेक्शन तुटतं, आणि माणूस टेलिफोन खात्याला शिव्या देत बसतो.

उपाय पाच मिनिटांचा. बायोसमध्ये जाऊन मदरबोर्डवरचा कॉम-२ बंद करायचा, मग मोडेमचा जंपर कॉम-२ वर आणि इंटरप्ट ३ वर. यातली पहिली पायरी लोक गाळतात. कॉम-२ ला काहीच जोडलेलं नाही, मग तो बंद कशाला करायचा, असं वाटतं. पण पोर्टला वायर लागलेली असो वा नसो, तो चालू असेपर्यंत त्याची तार त्याच्या नावावर राखलेली असते. ती सोडवली नाही तर मोडेम ४ वरच्या भांडणातून उठून ३ वरच्या भांडणात जाऊन पडतो.

साउंड कार्डाचं भांडण कानाने ओळखता येतं, आणि मला ते सर्वांत देखणं वाटतं. सिंगापूरच्या क्रिएटिव्हचं साउंड ब्लास्टर १९८९ मध्ये आलं. आपल्याकडे पुढे ‘मल्टिमीडिया किट’ म्हणून सीडीरॉम, कार्ड आणि दोन स्पीकर एका खोक्यात मिळायला लागले. कार्डाची रीत अशी: आवाजाचा एक तुकडा मेमरीत ठेवायचा, तो प्रोसेसरला न विचारता परस्पर वाजत राहतो, आणि वाजून होत आला की कार्ड तार ओढतं, ‘पुढचा घाला’. ही वर्दी पोहोचली नाही, तर पुढचा तुकडा कुणी घालत नाही आणि आधीचाच पुन्हा पुन्हा वाजत बसतो. ‘नमस्कार’ म्हणायचं तर ‘नम-नम-नम-नम’. हे ऐकलं की कॅबिनेट उघडायच्या आधीच सांगता येतं, पत्ता बरोबर आहे, मेमरीतून माल येतोय, फक्त इंटरप्ट चुकलाय. अजिबात आवाज नाही, तर पत्ता तपासा. एक सेकंद वाजून अडखळलं, तर इंटरप्ट. आकडे लिहिलेले असतात ते ऑटोएक्झेक फाइलमधल्या ब्लास्टरच्या ओळीत: ए२२०, आय५, डी१. त्यातला ‘आय’ म्हणजे कारभाऱ्यांची तार. कार्डावरचा जंपर ७ वर आणि ओळीत ५ लिहिलेलं, असं असेल तर भांडण कुणाशीच नाही. पाहुणा एका दाराशी उभा आहे आणि यजमान दुसऱ्या दाराशी वाट बघतोय.

सातची गोष्ट वेगळी आहे. ती प्रिंटरच्या नावावर असली तरी डॉसमध्ये छापताना प्रोसेसर कारभाऱ्यांना मध्ये न घेता स्वतःच प्रिंटरला विचारत राहतो, ‘झालं का? झालं का?’ त्यामुळे ७ वर साउंड कार्ड बसवलं तरी कित्येक घरांत दोघांचं वर्षानुवर्षं बिनसत नाही. पण ७ बद्दल कारभाऱ्यांची एक खोड लक्षात ठेवावी. एखाद्या तारेला विजेच्या खडखडाटाने नुसता झटका बसला, कारभाऱ्यांनी प्रोसेसरला उठवलं, प्रोसेसरने विचारलं ‘कोण?’, आणि तेवढ्यात तार खाली गेलेली असली, तर ‘कुणी नाही’ असं त्यांना म्हणता येत नाही. काहीतरी नाव सांगावंच लागतं, आणि ते सातचं सांगतात. धाकटा भाऊ अशा वेळी पंधराचं सांगतो. म्हणून ७ वर अधूनमधून येणाऱ्या फुकटच्या वर्द्यांचा दोष प्रिंटरला देऊ नये. आधी कार्ड स्लॉटमध्ये नीट बसलंय का ते पाहावं.

लॅन कार्डांत एनई२००० आणि त्याच्या नकला सगळ्यांत जास्त. हे कार्ड हेक्स मोजणीतला ३०० हा पत्ता आणि ३ ही तार घेऊनच यायचं. ३ वर कॉम-२ ठाण मांडून. ऑफिसात कोॲक्स केबल ओढून सात-आठ मशीनं जोडली की त्यातलं एक हमखास नेटवर्कवर दिसायचं नाही, आणि सगळेजण टी-कनेक्टर पिळत बसायचे. कार्ड १० वर नेलं की प्रश्न मिटायचा.

निदानाची पद्धत सोपी आहे, फक्त घाई चालत नाही. मशीन हँग झालं की आधी नम लॉक दाबून पाहायचं. दिवा लागला-विझला, तर १ नंबरची वर्दी आत पोहोचतेय आणि प्रोसेसर उत्तर देतोय, म्हणजे दुखणं दुसऱ्या तारेवर आहे. दिवा बदलत नसेल तर अडथळा जास्त खोल आहे. मग मशीन बंद करून डिस्प्ले कार्ड सोडून सगळी कार्डं काढायची आणि एक-एक परत लावायचं. एक लावलं, मशीन चालू केलं, त्या कार्डाचं काम करून पाहिलं, बंद केलं, मग दुसरं. दोन एकदम लावायचा मोह आवरायचा. जंपर म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी टोपी, ती चिमट्याने काढायची आणि लागत नसेल तर फेकून न देता एकाच पिनवर अडकवून ठेवायची, कारण पुढच्या वेळी ती नेमकी सापडत नाही.

डॉसबरोबर येणारा एमएसडी हा तपासनीस उपयोगी, पण त्याच्या शब्दावर विसंबू नये. कोणत्या तारेची नोंद कोणत्या प्रोग्रॅमने करून ठेवलीय ते तो सांगतो. प्रत्यक्ष तार कोण ओढतंय हे त्याला दिसत नाही. खरी नोंद माणसाने ठेवावी लागते. जुन्या चांगल्या कारागिरांनी हाताळलेल्या मशीनच्या कॅबिनेटला आतल्या बाजूने एक कागद चिकटवलेला सापडतो, बॉलपेनने लिहिलेला: ३ मोडेम, ४ माउस, ५ साउंड, १० लॅन, ११ मोकळा. खाली तारीख. अख्ख्या मशीनचं अंतरंग त्या कागदावर मावतं. असा कागद सापडला की त्या अनोळखी माणसाबद्दल मला आदर वाटतो.

याउलट एक घाऊक उपाय होता, ‘फॉरमॅट मारू’. मशीन हँग होतंय, फॉरमॅट मारू. माउस अडकतोय, फॉरमॅट मारू. गिऱ्हाईकाची पत्रं, हिशेब, मुलांचे प्रकल्प सगळं पुसलं जायचं, विंडोज पुन्हा चढायचं, आणि दुसऱ्या दिवशी फोन लावला की बाण थिजायचा. जंपर ही धातूची गोष्ट आहे, ती डिस्क पुसून हलत नाही. या अडाणीपणापायी लोकांचं जे नुकसान झालं त्याचा मला आजही राग येतो.

२४ ऑगस्ट १९९५ ला विंडोज ९५ आलं आणि कारभाऱ्यांच्या घरात मध्यस्थ आला: प्लग अँड प्ले. आता कार्डांनी स्वतःच आपल्या गरजा सांगायच्या, कुठल्या तारा चालतील ते कळवायचं, आणि बायोस व विंडोज मिळून जागावाटप करणार. कल्पना चांगली होती आणि सगळीच कार्डं नवी असती तर ती पहिल्या दिवसापासून चालली असती. घरात जुनी मंडळी होती. जंपरवालं कार्ड मध्यस्थाशी बोलतच नाही. ते ५ वर बसलेलं असतं आणि मध्यस्थ ५ मोकळा समजून दुसऱ्याला देऊन टाकतो. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं उद्गारचिन्ह. पण हे चिन्ह म्हणजे मोठीच प्रगती. चौदा वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी भांडणाची कबुली पडद्यावर दिली होती. उपाय बायोसमध्ये असतो. पीएनपी आणि पीसीआयच्या पानावर जाऊन ५ समोर ‘लेगसी आयएसए’, म्हणजे जुन्या पद्धतीचं कार्ड, असं निवडायचं, म्हणजे ती जागा म्हाताऱ्यासाठी राखून ठेवली जाते. मग ‘रिसेट कॉन्फिगरेशन डेटा’ला ‘येस’, जेणेकरून जुनं वाटप पुसून नवं होईल.

पीसीआय स्लॉट आले आणि वर्दीची रीतच बदलली. तिथे तार धरून ठेवायची पद्धत आहे, त्यामुळे एका तारेवर दोघं-तिघं राहू शकतात. कारभारी वर्दी देतात, मग एकेका कार्डाचा ड्रायव्हर आपापल्या कार्डाला विचारतो, ‘तू होतास का?’ आणि नसेल तर पुढच्याला वाट देतो. हे सगळ्या ड्रायव्हरांच्या सभ्यपणावर अवलंबून. एकाने परस्पर ‘माझीच होती’ म्हटलं की मशीन पुन्हा अडतं. तारा मूळ चारच, ए ते डी, आणि त्या स्लॉटांत वाटलेल्या, म्हणून कार्ड शेजारच्या स्लॉटमध्ये हलवलं की कित्येक रोग आपोआप बरे होतात. यात जादू काही नाही, त्या स्लॉटची तार वेगळी असते. त्याच सुमारास डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘आयआरक्यू होल्डर फॉर पीसीआय स्टिअरिंग’ अशी नोंद दिसायला लागली. ते भांडण नव्हे. ती तार पीसीआयसाठी राखलेली आहे एवढाच त्याचा अर्थ.

पुढे यूएसबी आलं आणि माउस, मोडेम, प्रिंटर सगळे एकाच कंट्रोलरमागे उभे राहिले, प्रत्येकाला वेगळी तार लागेनाशी झाली. आयएसएचे लांब काळे स्लॉट मदरबोर्डवरून गेले. कारभाऱ्यांचा अठ्ठावीस पायांचा देहही चिपसेटच्या पोटात विरघळला. त्यांच्या जागी चोवीस तारा सांभाळणारा एपीआयसी आला, आणि नव्या कार्डांना तर तारच लागत नाही, ती मेमरीत एक संदेश लिहून वर्दी देतात. तरी आजच्या लिनक्स लॅपटॉपवर इंटरप्टांची यादी काढून पाहा. बऱ्याच मशीनांत १ समोर कीबोर्ड आणि ८ समोर घड्याळ अजून लिहिलेलं सापडेल. वतनं गेली, पण नावं तीच राहिली.

आणि आयएसए स्लॉट असलेले औद्योगिक मदरबोर्ड आजही विकत मिळतात, कारण एखाद्या यंत्राचं कार्ड जुनं आहे आणि यंत्र ठणठणीत. काही हौशी मंडळी जुने खेळ मूळ आवाजात ऐकायला ४८६ पुन्हा उभे करतात. तुमच्यावर असं मशीन सांभाळायची वेळ आली, तर कार्डं काढायच्या आधी प्रत्येक जंपरचा फोटो काढून ठेवा. ज्या पोर्टांना काही लावायचं नाही ते बायोसमध्ये बंद करा, कॉम-२ सगळ्यांत आधी. अगदी सुरुवातीचे काही खेळ साउंड कार्ड ७ वरच आहे असं धरून चालतात, तेव्हा प्रिंटर नसेल तर त्याचा पोर्ट बंद करून ७ साउंड कार्डाला देऊन टाका. ५ मग लॅन कार्डाला राहील.